वरून धूळ, खालून आरसा

इमारतीच्या आवारातल्या सगळ्या गाड्या वरून चकचकीत आणि खालून चिखलाने लडबडलेल्या असत. जिना उतरल्याबरोबर दिसणारी निळी गाडी तेवढी याच्या उलट होती. तिच्या टपावर बोटाने नाव लिहावं इतकी धूळ, आणि पोट मात्र असं की वाकून पाहिलं तर आपलंच तोंड दिसावं. आता गाडीच्या पोटाकडे वाकून पाहणारा माणूस जगात किती सापडणार? एकच होता, आणि तो तिचा मालक होता. तळमजल्यावरच्या मास्तरांनी गाडीला ‘वरून धूळ, खालून आरसा’ म्हणायला सुरुवात केली आणि मालकाचं नाव ‘टेकूकाका’ पाडलं. मास्तरांनी आयुष्यात पुष्कळ काही शिकवलं असेल, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते हे.

काकूंना, म्हणजे टेकूकाकांच्या बायकोला, या नावाचा राग नव्हता. नवऱ्याला लोक काहीतरी म्हणणारच. त्यातल्या त्यात हे खरं तरी होतं. काकू घरी बसून कपडे सैल नाहीतर घट्ट करून देत. मशीन खिडकीशी होतं आणि खिडकी आवाराकडे उघडत होती, त्यामुळे दिवसभर मान वर केली की त्यांना नवऱ्याचे पाय दिसत. बाकीचा नवरा गाडीखाली असे.

काकांची सगळी नोकरी लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली होती. ज्या उस्तादाच्या हाताखाली ते शिकले, त्याच्या उजव्या हाताची बोटं पुरी नव्हती. घाईच्या दिवशी टेकू न लावता त्याने लिफ्टखाली हात घातला होता, तेवढ्यावर निभावलं. तो शिकवताना फारसं बोलत नसे, नुसता तो हात वर करून दाखवी. काकांनी धडा असा मनावर घेतला की त्यांच्या हाताखालच्या कुठल्याही लिफ्टमध्ये कुणाला साधं खरचटलं नाही. मात्र धडा तिथेच थांबला नाही, त्यांच्यामागून घरापर्यंत आला. कपाटाखाली लाकडी पाचर, मशीनखाली रबराच्या चकत्या, पलंगाखाली फळ्या. काकू पाहुण्यांना सांगत, “या घरात टेकू न लावलेली तेवढी मीच.”

ही गाडी काकांनी निवृत्तीनंतर घेतली, जुनीच, पण धडधाकट. आणि घेतली ती ताईसाठी. ताई म्हणजे काकूंची थोरली बहीण. ती घाटापलीकडच्या गावी एकटी राहायची. आई गेली तेव्हा काकू अजून बोबडं बोलत होत्या. ताईनेच त्यांना न्हाऊमाखू घातलं, शाळेच्या दारापर्यंत सोडलं, आणि पुढे लग्नही करून दिलं. दोघींमध्ये एक घाट होता, आणि काकूंना बस लागायची. त्यातून वर्षाकाठी एखादी भेट व्हायची. गाडी दारात आली त्या दिवशी काका म्हणाले, “आता मनात आलं की ताईकडे.” काकूंनी देवापुढे हात जोडले. देवाने ऐकलंही असेल, पण किल्ली काकांकडे होती.

पहिल्या फेरीच्या आधी चाकं तपासून घ्यावीत म्हणून काकांनी गाडी टायरवाल्याकडे नेली. टायरवाला घाईतला माणूस. त्याने लोखंडी जॅक दाराखाली सरकवला आणि दांडा मारायला लागला. कर्र असा आवाज झाला. तो आवाज टायरवाल्याला ऐकूच आला नाही. काकांना मात्र तो पुढे कित्येक दिवस जेवतानाही ऐकू येत होता. गाडीच्या दाराखाली दोन पत्रे एकमेकांना जोडून बोटभर कड खाली उतरलेली असते. गाडी उचलायची जागा तिथेच असते, पण वजन त्या कडेवर पडता कामा नये, दोन्ही अंगांच्या सपाट भागावर पडायला हवं. नाहीतर कड दुमडते, रंग तडकतो, आणि तडकलेल्या रंगाखाली गंज घर करतो. काका टॉर्च घेऊन आडवे झाले. उजव्या बाजूच्या पुढच्या चाकामागची कड दुमडली होती.

“नखाएवढं वाकलंय हो काका,” टायरवाला म्हणाला. “कुणाला दिसणारे?”

“मला,” काका म्हणाले. “मला माहीत आहे ना.”

ताईकडची फेरी त्या दिवशी रद्द झाली.

मग काकांनी जे केलं त्याला शहाणा माणूस नावं ठेवणार नाही. त्यांनी शिसवी लाकडाचे ठोकळे आणले आणि त्यांना बरोब्बर मधोमध खाच पाडली. जॅकच्या डोक्यावर ठोकळा ठेवायचा, कड खाचेत बसते, वजन दोन्ही अंगांनी विभागलं जातं, कडेला धक्का नाही. गाडी उचलली की लगेच खाली लोखंडी स्टँड, स्टँडच्या डोक्यावर रबर, चाकांना पुढून-मागून पाचरी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही. उस्तादाचा हात त्यांना दिसत असावा.

शहाणपणाला इथे थांबता आलं असतं. पण दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, काका तर पाणीही फुंकायला लागले. त्यांच्या मनाने घेतलं की आपण असू तेव्हा ठीक, पण आपल्या पाठीमागे कुणी परक्या हाताने जॅक लावला तर? म्हणून त्यांनी ठरवलं की संरक्षण गाडीलाच कायमचं चिकटवून टाकायचं. चारी जागांवर रबराच्या टोप्या, कडेला खालून गच्च लपेटणाऱ्या, वरून डिंकासारखा काळा लेप. कुणीही, कशानेही, कुठेही उचलो.

टोप्या शिवायचं काम अर्थातच काकूंकडे आलं. जुन्या ट्यूबचं रबर शिवताना मशीनच्या सुया पटापट मोडल्या. काकूंनी पहिली टोपी उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाल्या, की ही तर खिशासारखी झाली आहे. रेनकोटाचे खिसे दुरुस्तीला येतात तेव्हा आत बुरशीच असते. वरून थेंब शिरतो, त्याला खाली जायला वाट नसते. निदान तळाला एक भोक ठेवू या.

काका हसले. लिफ्टच्या लोकांना शिकवताना हसायचे तसे.

“अगं, संरक्षणाला कुणी भोक ठेवतं का?”

काकूंनी पुढचा टाका घातला. वाद घालता आला असता, पण नवऱ्याचं मन म्हणजे तीही एक कडच. भलत्या जागी वजन पडलं की दुमडायची, आणि मग घरात आठवडाभर गंज. काकू इतकी वर्षं त्या कडेला सांभाळूनच संसार उचलत आल्या होत्या. ठोकळ्याला खाच कशी पाडायची हे त्यांना काकांकडून शिकायची गरज नव्हती.

चार टोप्यांपैकी तीन अशा बसल्या की जणू गाडीच्या अंगाचीच कातडी. चौथी, टायरवाल्याने दुमडलेल्या कडेवरची, काही केल्या नीट बसेना. कड वाकडी, टोपी सरळ. खालून फट राहायची. काकांनी पुष्कळ खटपट केली आणि शेवटी टायरवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून ती तशीच सोडली.

एवढा बंदोबस्त झाल्यावर गाडीने पाखरासारखं उडावं की नाही? पण झालं भलतंच. ज्या वस्तूवर इतकी मेहनत घेतली, ती रस्त्यावर न्यायला जीव होईना. गाडी बाजारापर्यंत जाई, ती पण रस्त्यातला उंचवटा टाळून लांबच्या वळणाने. घाटातल्या रस्त्यावर खडी उडते असं काकांच्या कानावर आलं होतं. ताईचा फोन आला की काका आतून ओरडून सांगत, येतोच आहोत, जरा खालचं काम होऊ दे.

“तुझ्या नवऱ्याच्या गाडीला पोटाचा विकार आहे का गं?” ताईने एकदा विचारलं. “आपल्या शेजारच्या म्हाताऱ्याचं असंच होतं. तपासण्या करता करता गेला.”

काकूंना बसने जाता आलं असतं. एकदा तसं म्हणूनही पाहिलं. काका जेवताना मान खाली घालून म्हणाले की दारात गाडी असताना तू बसने गेलीस तर मी ती कशाला घेतली. काकूंनी पुन्हा ठोकळा लावला, म्हणजे विषय बदलला. असं करता करता ताईला भेटून फार दिवस झाले होते. काकू ते मोजत नव्हत्या. मोजलं की राग यायचा, आणि रागात शिवण वाकडी जाते.

मग ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. फोनवर ती नेहमीसारखीच ठणठणीत बोलत होती. डॉक्टर पोरसवदा आहे, दवाखाना स्वच्छ आहे, सोबतीला शेजारीण आहे. बोलता बोलता मध्येच थांबली.

“धाकटे,” ती म्हणाली, “मला आत नेतील ना, तेव्हा तू दाराशी दिसलीस की झालं. काही बोलायचं नाही. शाळेच्या दारात तू रडायचीस तेव्हा तू वर्गात जाईपर्यंत मी उभी राहायचे. आठवतं का? तेवढंच.”

ताईने आजवर काकूंकडे काही मागितलं नव्हतं. काकूंनी मशीनवर झाकण घातलं आणि काकांना सांगितलं, की सकाळी ऑपरेशन आहे, आदल्या दिवशी निघायचं. या वेळी ठोकळा लावला नाही. आवाज सरळ कडेवर गेला. काकांनी मान डोलावली.

निघायच्या दिवशी उजाडल्यापासून काका गाडीखाली होते. घाट आहे म्हटल्यावर सगळं खालून बघायला हवं. काकू बॅग मांडीवर घेऊन जिन्याच्या पायरीवर बसल्या. मास्तर जाता-येता विचारत, गाडीची तब्येत कशी आहे. ऊन डोक्यावरून कललं तेव्हा काका बाहेर आले, हात धुतले, स्टँड आणि ठोकळे डिकीत रचले, त्यांच्यावर चादर घातली, आणि गाडी निघाली. काकूंनी देवाचं नाव घेतलं, काकांनी दुसरा गिअर टाकला. तिसरा क्वचितच टाकला.

घाटाच्या पायथ्याशी डावीकडचं मागचं चाक बसलं.

काकू घाबरल्या, पण काकांकडे पाहून चकित झाल्या. माणसाच्या चेहऱ्यावर असं समाधान त्यांनी लग्नातही पाहिलं नव्हतं. ज्या क्षणासाठी एवढी तयारी केली तो क्षण एकदाचा आला होता. काकांनी चाकांना पाचरी लावल्या, जॅक काढला. बायकोला जवळ बोलावून म्हणाले, बघ आता, कडेला नखाचाही धक्का लागत नाही. आणि जॅक टोपीखाली नेऊन दांडा मारू लागले.

जॅक वर गेला. गाडी गेली नाही. जॅक गाडीच्या आत गेला, ओल्या पुठ्ठ्यात काठी जावी तसा. आवाजसुद्धा झाला नाही. टोपी फाटली आणि तिच्यातून चहाच्या रंगाचं पाणी आणि गंजाचे पापुद्रे रस्त्यावर पडले.

काकांनी जॅक काढला. पुढच्या चाकाजवळची टोपी पान्याच्या मुठीने ठोकून पाहिली. ती पचपचली. उलट बाजूला जाऊन मागची ठोकली. तीही तशीच. बाकीचं पोट आरशासारखं लखलखत होतं आणि ज्या जागांना जपलं त्याच कुजल्या होत्या. चौथी ठोकली तेव्हा मात्र खणखणीत आवाज आला. फटीतून पाणी वाहून गेलं होतं. टायरवाल्याने वाकवलेली ती नखाएवढी कड जशीच्या तशी, वाकडी आणि ठणठणीत, पण बसलेल्या चाकाच्या नेमकी तिरक्या समोरच्या कोपऱ्यात, तिथून उचलून ते चाक सुटणार नव्हतं. मागच्या चाकांच्या मधल्या दांड्याला जॅक लावता आला असता, पण रस्ता चढाचा होता आणि काकांचा आता कुठल्याच टेकूवर भरवसा उरला नव्हता. भरवसा नसताना खाली हात घालू नये हेही त्यांना उस्तादानेच शिकवलं होतं. ते मैलाच्या दगडावर बसले.

“भोक,” ते एवढंच म्हणाले.

काकूंच्या जिभेवर पुष्कळ काही आलं. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं, आणि हक्काचं होतं. पण माणूस दगडावर बसून मोडून पडलेला असताना त्याच्यावर आणखी वजन कुठे टाकायचं? तेवढ्यात खालच्या वळणावरून घाट चढणारी बस दिसली. काकूंनी बॅग उचलली आणि रस्त्याच्या मध्याकडे जाऊन हात वर केला.

“मला इथे एकट्याला सोडून?” काका म्हणाले.

“एकटे कुठे? टेकू आहेत की सोबतीला,” काकू म्हणाल्या, आणि मग पाण्याची बाटली त्यांच्या हातात देत म्हणाल्या, “तिला आत नेतील तेव्हा मी दारात असायला हवी. तुम्ही गाडी घेऊन या, नाहीतर तसेच या. पण या.”

बस खिळखिळी होती. खिडकीची काच खडखडू नये म्हणून कुणीतरी फटीत कागदाची घडी खोचली होती. काकूंना ते पाहून हसू आलं आणि मग डोळे भरून आले. वाटभर खडी बसच्या पोटावर ताशासारखी वाजत होती. त्या पोटाची कुणी कधी विचारपूस केली नसावी, आणि बस घाट चढत होती. काकूंना बस लागली, व्हायचं ते झालं, कंडक्टरने कुरकुर न करता पिशवी दिली. पुढच्या बाकावरच्या बाईने लिंबू दिलं. बसला घाबरून आपण एवढे दिवस घरी बसलो, की नवऱ्याला घाबरून, हे काकूंना नीट ठरवता आलं नाही.

सकाळी ताईला चाकाच्या पलंगावरून नेताना काकू दाराशी उभ्या होत्या. ताईने आधी चष्म्याशिवाय ओळखलं नाही, मग ओळखलं.

“गाडीने आलीस?”

“बसने.”

“तरीच वेळेवर पोचलीस,” ताई म्हणाली, आणि दार बंद होईपर्यंत मान वळवून बघत राहिली. काकूही हलल्या नाहीत. दार बंद झाल्यावरही बराच वेळ, ती वर्गात पोचली असेल असं वाटेपर्यंत, तिथेच उभ्या राहिल्या.

ताई घरी आली त्या दिवशी काकाही आले, बसनेच. गाडी घाटाखालच्या गॅरेजात होती. तिथल्या माणसाने खाली वाकून पाहिलं आणि विचारलं होतं, की एवढी स्वच्छ गाडी आणि नेमक्या याच जागा कशा काय सडल्या. काकांनी डिकीतले ठोकळे पिशवीत भरायला घेतले होते. गाडी परक्या हातांत सोपवून आले होते, पण ठोकळ्यांची पिशवी मात्र गॅरेजवाल्यांवर भरवसा नको म्हणून खांद्यावर घेऊन आले होते. दारात उभे राहिले तेव्हा त्यांचा खांदा एका बाजूला कलला होता. ताईने त्यांना या म्हटलं, आणि गाडीचं नाव काढलं नाही. ती बोलली असती तर काकांना बरं वाटलं असतं.

डॉक्टरांनी पायथ्याकडून पलंग उंच ठेवायला सांगितलं होतं. शेजारणीने विटा आणल्या होत्या, पण पलंग लोखंडी, पाय चपट्या पट्टीचे आणि गुळगुळीत, विटेवरून सटकत होते. काकांनी ते पाहिलं. पिशवी उघडली, दोन ठोकळे काढले, आणि ताईला खुर्चीत बसवून पलंगाचा पाय खाचेत बसवला. असा बसला की जणू ठोकळा त्याच्यासाठीच जन्माला आला होता. दुसरा पायही तसाच. मग त्यांनी पलंग हलवून पाहिला, दोन्ही हातांनी, दात-ओठ खाऊन. हलला नाही. ताईला परत झोपवलं, तरी त्यांचं समाधान होईना.

“वजनासकट एकदा हलवून बघू का?”

“मी मेल्यावर हलवा,” ताई म्हणाली. “आता झोपू द्या.”

एवढ्यावर भागलं असतं तर ते काका कसले? ठोकळ्याने फरशीला ओरखडा जाईल हे त्यांच्या लक्षात आलं. पिशवीतून रबर निघालं. ते ठोकळ्याच्या मापाने कापलं, कडा वर वळवल्या, टोपी तयार. मग दुसरी. काकू भिंतीला टेकून बघत होत्या. या घरातली फरशी रोज ओल्या फडक्याने पुसली जायची. पाणी त्या रबरात शिरणार, साचणार, आणि शिसवी लाकूड खालून कुजणार. वरून कुणाला दिसायचं नाही. एक दिवस ताईसकट पलंग बसायचा. काकूंनी तोंड उघडलं, आणि मिटलं. पुन्हा उघडलं.

काकांनी तेवढ्यात मान वर केली. टोपी हातात फिरवत, बायकोकडे न बघता, म्हणाले,

“याला भोक कुठे ठेवू?”

काकूंच्या बॅगेत खडू असायचाच. त्यांनी खाली बसून टोपीच्या तळाला जिथे पाणी साचलं असतं तिथे एक छोटी फुली केली. एका टोपीवर केली, मग दुसरीवर. ताईने एक डोळा उघडून दोघांकडे पाहिलं आणि परत मिटला.

भोक पाडायला काकांना संध्याकाळ झाली. भोकाची कड फाटू नये म्हणून तिला आधी रबराची किनार लावायची होती.